हॉट व्हील्सच्या गाड्यांना आरसे का नसतात

"साध्या हॉट व्हील्सला बाजूचे आरसे नाहीत, चाकं जाड, ट्रक आणि मोटार एकाच मापाची, कंपनी संग्राहकांना गृहीत धरते" अशी हॉट व्हील्स या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांबद्दल तक्रार ऐकू येते, ती मला पटत नाही. १९६८ साली मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने ही गाडी काढली ती नारिंगी ट्रॅकवरून सुसाट पळवण्यासाठी. सगळ्या गाड्या त्याच ट्रॅकवर आणि त्याच पाकिटात बसायला हव्यात, म्हणून ट्रक लहान होतो. अचूक प्रमाण, रबरी टायर हवे असतील तर कंपनीची महागडी मालिका वेगळी आहेच.

आरशांबद्दल आणखी एक मुद्दा आहे. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत खेळणं उंचावरून पाडतात, त्याचे भाग ओढून आणि पिळून बघतात. आरशासारखा बारीक भाग तुटून टोकदार कडा उरली तर ते नापास होतं. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. माझ्या पुतण्याने माझी आरसेवाली शोभेची गाडी दोन मिनिटांत जिन्यावरून सोडली. एक आरसा तुटला, तळहाताला खरचटलं. त्याची साधी गाडी मात्र वर्षभर तोच जिना उतरतेय, रंग उडालाय तेवढाच.