क्नानाया मुलाशी लग्न ठरलंय, त्याला त्याच्याच चर्चमधून काढणार?

वसईची_पोर:
आम्ही वसईचे, कुपारी कॅथलिक. होणारा नवरा केरळातल्या कोट्टायमकडचा, तोपण कॅथलिकच, पण क्नानाया, म्हणजे आपसातच लग्नं करणाऱ्या समाजातला. लग्न आमच्या चर्चमध्ये आहे म्हणून तो गावी फादरकडे कुरी मागायला गेला, म्हणजे लग्नाला हरकत नसल्याची चिठ्ठी, तर फादर म्हणाले आधी पॅरिश, म्हणजे त्या चर्चचं सभासदत्व, सोडतो असं लिहून दे. अरे मी काय परधर्माची आहे का, तोच पोप, तीच मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना! त्याची अम्मा फोनवर रडतेय की मेल्यावर आमच्याशेजारी पुरणारसुद्धा नाहीत तुला. खरंच असं असतं?

मल्याळी_पुणेकर:
हो ताई, असतं. मिस्साला जाऊन बसला तर कोणी हाकलत नाही, पण चर्चच्या वहीतलं नाव जातं. परंपरा अशी सांगतात की सन ३४५ मध्ये क्नाई थोमा नावाचा व्यापारी ७२ कुटुंबं घेऊन कोडुंगल्लूरला उतरला, आणि क्नानाया स्वतःला त्यांचेच वंशज मानतात म्हणून लग्नं आपसातच. १९११ मध्ये पोपने त्यांना कोट्टायमला चर्चची वेगळी व्यवस्थाच करून दिली. आमचा एक मामा बाहेर लग्न करून बसला, अजून गावी गेला की जुन्याच चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, मामी आणि पोरं दुसऱ्या पॅरिशला. जेवायला सगळे एकत्र, हे एक बरंय.

कोर्टाचा_माणूस:
सही करू देऊ नका घाईत!! २०२१ मध्ये कोट्टायमच्या कोर्टाने सांगितलंय की दुसऱ्या कॅथलिकशी लग्न केलं म्हणून काढता येणार नाही. पण त्यावर अपिलं झाली आणि मधल्या मध्ये माणसं लटकतात, २०२३ च्या मे महिन्यात कासरगोडकडे एका जोडप्याला कुरीच मिळाली नाही, शेवटी चर्चच्या बाहेर एकमेकांना हार घातले. नकार दिला तर लेखी मागा, तोंडी नको.

पापडीवाला:
केरळवाल्यांना नावं ठेवताना आपलंपण बघा जरा, कुपारी-वाडवळ, म्हणजे वसईतल्याच दोन समाजांतलं, लग्न म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून तोंड वाकडं करतातच ना? फक्त वहीतून नाव खोडत नाहीत, एवढाच फरक.

वसईची_पोर:
@पापडीवाला माझ्या आजीला वाचून दाखवू का हे 😅 बाकी थँक्स सगळ्यांना. त्याने सही केलेली नाही, कागद तसाच खिशात घालून गाडीत बसलाय. लेखी मागायचं सुचलंच नाही त्याला, आता परत जावं लागणार.