दहावीतील मुलीचे केस गळत आहेत आणि मुरुमेही वाढली आहेत: बायोटिनच्या गोळ्या द्याव्यात का?

शाल्मली_नाशिक

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. भाद्रपदात तिला डेंग्यू झाला होता. त्यातून ती बरी झाली, परंतु दिवाळीनंतर तिचे केस विंचरताना पुंजक्यांनी गळू लागले आणि कपाळावर व गालांवर मुरुमेही वाढली. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, घरात अंडीही आणत नाही. सकाळी ती चहा-बिस्किटांवर शाळेत जाते, डब्यातील पोळी-भाजी पुष्कळदा अर्धी परत येते, क्लास सुटल्यावर वडापाव किंवा नूडल्स होतात आणि रात्री वरण-भात. वजन वाढेल या भीतीने रात्रीची पोळी तिने बंद केली आहे. मोबाईलवरील जाहिराती पाहून ती बायोटिनच्या गोळ्यांचा हट्ट धरते, आणि औषधांच्या दुकानात त्यांच्या जोडीला एक मल्टिव्हिटॅमिनही सुचवण्यात आले. या वयात केसांसाठी आणि त्वचेसाठी नेमके काय कमी पडते आणि ते जेवणातून मिळू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

त्वचावैद्य_मेघना

शाल्मलीताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डेंग्यू. मोठा ताप येऊन गेल्यावर डोक्यावरील पुष्कळ केस एकदमच वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात, पण ते प्रत्यक्षात गळतात दोन ते तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत घरातील सर्वजण तो ताप विसरून गेलेले असतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. केसांची मुळे शाबूत असल्यामुळे हे गळणे बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि नवे केस येतात. मात्र शरीरात लोह आणि प्रथिने आधीपासूनच कमी असतील, तर केस भरून येण्यास बराच अधिक काळ लागतो, आणि तुम्ही लिहिलेला दिनक्रम वाचून मला तीच शंका येते.

बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाविषयी स्पष्टच लिहिते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे 25 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, आणि ते डाळी, शेंगदाणे, दूध अशा रोजच्या अन्नातून सहज मिळते. जाहिरातींतील अनेक गोळ्यांमध्ये ते 10 मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या चारशे पट असते. बायोटिनची खरी कमतरता अत्यंत दुर्मिळ आहे. दीर्घकाळ कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणे, काही जन्मजात विकार किंवा फिट्सवरील काही औषधे ही तिची नेहमीची कारणे. कमतरता नसताना या गोळीने केस दाट होतात, असा भक्कम पुरावा नाही. उलट तिच्यामुळे थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांचे निकाल चुकीचे येऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा जाहीर इशाराही दिला होता. अ जीवनसत्त्वाचे प्रमाण गरजेपेक्षा फार वाढले, तर त्यानेच केस गळतात. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र सुरू करू नयेत.

त्या पैशांत तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी). या वयाच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात, परंतु हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही शंका अकारण नाही. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो का, हेही तिला आपुलकीने विचारावे. मुली स्वतःहून हे सहसा सांगत नाहीत.

वसतिगृह_आहार

मी मुलींच्या वसतिगृहातील आहार आखते, त्यामुळे ताटाविषयी थोडे विस्ताराने लिहिते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 43 ग्रॅम प्रथिने आणि 30 मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलाला लोह 22 मिलिग्रॅम पुरते. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने असतात आणि चहा-बिस्किटांत नगण्य. केस हे केराटिन या प्रथिनाचेच बनलेले असतात आणि टंचाईच्या काळात शरीर आधी हृदय, मेंदू आणि स्नायूंची गरज भागवते. तेव्हा तुमच्या मुलीच्या ताटात आधी प्रथिने वाढली पाहिजेत.

डबा परत येतो याचे कारण बहुधा मुलीच्या नखऱ्यात नसून डब्यातच असते. सकाळी सहाला भरलेली पोळी मधल्या सुट्टीपर्यंत कडक होते आणि भाजीला पाणी सुटते. आमच्याकडे मोड आलेल्या मुगाचे धिरडे, सुकी मटकीची उसळ भरलेली पोळीची गुंडाळी, पनीर घातलेला पराठा किंवा भाजणीचे थालीपीठ दिल्यापासून डबे रिकामे येऊ लागले, कारण हे पदार्थ थंडही चांगले लागतात आणि एका हाताने खाता येतात. सकाळी चहाऐवजी कपभर दूध आणि मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे द्यावेत. क्लासनंतर तिला भूक लागणारच. तेव्हा दप्तरात तीळ-शेंगदाण्याचा किंवा अळिवाचा लाडू असेल, तर वडापाव आठवड्यातून एखाद्या दिवसावर येतो. तो पूर्ण बंद करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

शाकाहारातील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून ते कशासोबत खाल्ले यालाही महत्त्व आहे. पोह्यांवर आणि उसळीवर लिंबू पिळणे, जेवणासोबत कोशिंबीर किंवा आवळ्याची फोड, मधल्या वेळी पेरू, यांतील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. चहामुळे ते घटते, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने लोह अडवणारे घटक कमी होतात, तर आंबट आमटी किंवा भाजी लोखंडी कढईत शिजवल्यास त्यात थोडे लोह उतरते, मात्र ती शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढावी. पालकातील लोह मात्र आपण समजतो तितके अंगी लागत नाही. थंडीत बाजरीची भाकरी अवश्य द्यावी. एक गोष्ट आहारातून भरून काढणे तुम्हाला कठीण जाईल आणि ती म्हणजे बी-12. ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे अंडी न खाणाऱ्या घरात दूध-दह्यावरच भिस्त असते. तपासणीत ते कमी आढळल्यास डॉक्टरांनी दिलेली गोळी आनंदाने घ्यावी.

शिक्षक_मराठवाडा

मुलगी शासकीय किंवा अनुदानित शाळेत असेल, तर आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ती खरोखर घेते का, हे विचारावे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणि शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही दिली जाते. मळमळ होते किंवा शौच काळी होते म्हणून मुली ती गुपचूप टाकून देतात. शौच काळी होणे निरुपद्रवी आहे आणि जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते.

शाल्मली_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी याच आठवड्यात करून घेते. आणखी दोन शंका आहेत. तेलकट खाण्यामुळे आणि दुधामुळे मुरुमे येतात असे सासूबाई म्हणतात, ते खरे आहे का? आणि तिची मान काळवंडली आहे, ती रोज घासूनही उजळत नाही.

त्वचावैद्य_मेघना

या वयात संप्रेरकांमुळे त्वचेतील तेलग्रंथी अधिक तेल तयार करतात आणि रंध्रे बुजतात, हे मुरुमांचे मूळ कारण. खाल्लेले तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, म्हणजे बिस्किटे, मैदा आणि शीतपेये, यांचा मात्र मुरुमांशी संबंध दिसतो, आणि ते कमी केल्याने काही मुलांना निश्चित फरक पडतो. दुधाविषयीचे पुरावे तितके ठाम नाहीत. शाकाहारी मुलीचे दूध बंद केल्यास बी-12 आणि कॅल्शियमची बाजू लंगडी पडेल, त्यामुळे ते चालू ठेवावे.

मान कृपया घासू नये. काळी, जाडसर, मखमलीसारखी झालेली त्वचा म्हणजे मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची ती अनेकदा खूण असते. रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखरही मोजून घ्यावी, आणि पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसच्या, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनातून होणाऱ्या विकाराच्या, दृष्टीने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. उजळपणासाठी दुकानातून आणलेली मलमे चेहऱ्याला किंवा मानेला लावू नयेत, कारण त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते आणि त्याने मुरुमे चिघळतात. डोक्यावर चाईसारखा गोल चट्टा दिसला किंवा टाळूला खपल्या धरल्या, तर तो वेगळा आजार असतो. तेव्हा आहाराच्या परिणामाची वाट न पाहता लगेच तपासून घ्यावे.