मदत हवी आहे: एमडीएफच्या अक्षरांच्या कडा फुगतात, डाग वर येतात

बाळाच्या खोलीसाठी ‘गार्गी’ हे नाव रंगवायचं आहे. ६ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), लेझरने कापलेला, शिरोरेषेसह एकसंध तुकडा, उंची साधारण ८ इंच. (सुटी अक्षरं इंग्रजीत शोभतात, मराठीत शिरोरेषा तुटली की नाव वाचताना अडखळायला होतं.)

आतापर्यंतची पद्धत: १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, जेसोचा (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) एक हात, पुन्हा ३२० ने घासणे, मग फिकट पिवळ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात. समोरची बाजू गुळगुळीत येते. कडा मात्र जेसोतलं पाणी पिऊन फुगतात, तंतू उभे राहतात. शिवाय लेझरने जळलेल्या कडेचा तपकिरी डाग पिवळ्यातून वर येतो, तिसऱ्या हातानंतरही. गडद रंगात हे लपतं, फिकटात नाही.

फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन कडांना लावून पाहिलं. फुगणं कमी झालं, डाग तसाच.

विचारायचं आहे ते असं:

जेसोआधी कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले तर डाग अडेल का? मेण न काढलेल्या लाखेवर ॲक्रिलिक नीट धरत नाही, म्हणून मेणविरहित लाखच लागेल ना?

रफार आणि वेलांटी जिथे भेटतात ती खाच जेमतेम २ मिमी आहे. तिथे रंग साचतो. ब्रश कुठल्या नंबरचा वापरता, की स्पंजच बरा?

पावसाळी दमट हवेत पाण्याचं वार्निश दुधाळ होतं. दोन हातांत किती तासांचं अंतर ठेवता?