फ्लेक्सवर ‘इन्फ्लुएन्सर’ला काय लिहायचं?

छापखानेवाला, कुडाळ
मंडळी, अडचण खरी आहे आणि घाईची आहे. माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि हल्ली सगळ्यात जास्त फ्लेक्स. शेजारच्या वाडीतल्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा आहे. रात्री डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, आणि त्याआधी गुणगौरव. सत्कारमूर्ती म्हणजे दहावीची मुलं, एक निवृत्त पोस्टमन आणि वाडीतलीच एक मुलगी, जिची मालवणी रील्स पार डोंबिवली-विरारपर्यंत बघतात. अध्यक्षांचा हट्ट, की फ्लेक्सवर इंग्रजी शब्द नको. मी ‘सुप्रसिद्ध समाजमाध्यम प्रभावक’ टाकून प्रूफ पाठवलं. मुलीचा लगेच फोन, “काका, प्रभावक नको, फवारणीच्या औषधाचं नाव वाटतं.” अध्यक्षांना ‘सुप्रसिद्ध’ नको, कारण तो रात्रीच्या बुवांना लावलाय आणि बुवा रागावतील. एका ओळीत बसेल असा शब्द सुचवा. अक्षर मोठं ठेवायचंय.

सड्यावरून
‘प्रभावक’ व्याकरणाने चूक नाही. प्रचारक, संपादक, तसाच प्रभावक. बाई असेल तर प्रभाविका. कानाला सवय झाली की खटकणार नाही.

मिरीचा वेल
प्रभाविका! अहो, ती मुलगी सत्कारालाच येणार नाही. बाकी कंटेंट क्रिएटरचं ‘आशयनिर्माती’ही एका पेपरात वाचलंय. तेही सुचवून ठेवते, फ्लेक्सची रुंदी वाढवा.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
हसायला काय जातंय. मी ज्या गावात बसून हे लिहितोय तिथे सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी इथूनच धरला. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द त्यांचे म्हणून सांगितले जातात. त्यांनाही लोक हसलेच असतील. आज महापौर म्हणताना कुणाच्या ओठाला सुरकुती पडते का? इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला की आपण त्याच्या अर्थाच्या वाटेला जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

बंदरावरचा
मास्तर, महापौर मान्य. पण दिनांक अर्जावरच राहिला. कोर्टात आमच्या जमिनीच्या दाव्याला ‘तारीख पडते’. दिनांक पडल्याचं अजून ऐकिवात नाही. आणि तारीख अरबी.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
तुमचा दावा चालतोय म्हणून तारीख पडते. शुद्ध शब्दाने निकाल लागला असता.

कोशातला किडा
इन्फ्लुएन्सरच्या अर्थाच्या वाटेला जायचंच असेल तर मजा आहे. मुळात लॅटिन क्रियापद, आत वाहत येणं. युरोपात जुन्या काळी हा ज्योतिषाचा शब्द होता. ताऱ्यांतून काहीतरी द्रव वाहत येऊन माणसाच्या नशिबावर परिणाम करतो, तो इन्फ्लुएन्स. साथीचा तापही ताऱ्यांमुळेच येतो अशी समजूत, म्हणून इटालियनांनी त्याला म्हटलं इन्फ्लुएन्झा. म्हणजे इन्फ्लुएन्सर आणि इन्फ्लुएन्झा सख्खी भावंडं, आणि ‘व्हायरल’ शेजारच्याच घरातला. आपल्याकडे या सगळ्याला एक शब्द तयार आहे: ग्रहदशा.

मिरीचा वेल
‘वाडीची ग्रहदशा कु. अमुक हिचा सत्कार.’ छापा!

बंदरावरचा
आणि सेलिब्रिटीचं काय? पेपरवाले ‘वलयांकित’ लिहितात. वलयांकित म्हटलं की मला कॅलेंडरवरचा देवच दिसतो.

कोशातला किडा
सेलिब्रिटीचं मूळही लॅटिनच. जिथे माणसांची वर्दळ असते, ती जागा ‘सेलेबर’. आधी गर्दी, मग प्रसिद्धी. त्या हिशेबाने सेलिब्रिटीला नेमका मराठी शब्द ‘जत्रा’. आंगणेवाडीला जाऊन आलेल्यांना पटेल.

माहेर वेंगुर्ले
तुमचं चालू द्या, पण मला अध्यक्षांची अडचण जास्त खरी वाटते. ‘सुप्रसिद्ध’ कुणाला लावायचं, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. दशावताराच्या जाहिराती आठवा. राजा कोण, स्त्रीपार्ट कोण, खलनायक कोण, आणि प्रत्येकाच्या नावाआधी काय लागणार, त्यात वर्षानुवर्षं बदल नाही. सुधीर कलिंगणांच्या नावाआधी ‘लोकराजा’ लागायचं. नुसतं ‘लोकराजा’ म्हटलं तरी कोण ते कळायचं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, रात्रभर रंगमंचावर उभ्या उभ्या बोलायचं. एवढं झाल्यावर ती पदवी चिकटते. आता ज्या मुलीला मोबाइलने चिकटवलंय तिला आपण कुठली पदवी लावणार? माझा विरोध नाही, तिची रील्स मीही बघते, सासूची नक्कल अगदी हुबेहूब करते. पण ‘नावाजलेली’ म्हणवत नाही. नावाजायला कुणीतरी जाणता लागतो.

सड्यावरून
नावाजलेली म्हणजे जिचं नाव वाजतं ती. नाव अधिक वाजणे. त्यात जाणता कुठून आला? वाजलं की झालं.

कोशातला किडा
ही फोड गोड आहे, पण मला पटत नाही. मूळ फारसी, ‘गरीबनवाज’मधला नवाज. कृपा करणं, गोंजारणं, मान देणं. दरबारात खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, देऊन नवाजायचे. आपण पुढे त्यात ‘नाव’ ऐकलं आणि काना चढवला. म्हणूनच ‘नावाजणे’ सकर्मक आहे. आपण कुणाला तरी नावाजतो. ‘तो नावाजला’ असं नुसतं म्हणत नाही.

सड्यावरून
फारसीच्या आधी मराठी माणसाला नाव नव्हतं वाटतं.

कोशातला किडा
नाव होतं. वाजत नव्हतं.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
म्हणजे हाही परका निघाला! मग ‘ख्यातकीर्त’ लिहा आणि मोकळे व्हा.

झांजवाला
मी डबलबारीत झांज वाजवतो, म्हणून बोलतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन बुवा समोरासमोर, आळीपाळीने बारी. अभंग, गौळण, गजर, आणि मध्ये एकमेकांना टोमणे. टोमणा हा खेळाचाच भाग. समोरचा बुवा पुढच्या बारीत त्याच चालीवर उत्तर देतो, आणि ते ऐकायलाच लोक पहाटेपर्यंत मांडी घालून बसतात. गेल्या मोसमात आमच्या बुवांनी समोरच्यांच्या सुराबद्दल एक वाक्य टाकलं. समोरच्यांनी त्याला असं उत्तर दिलं की आमचे बुवा स्वतः पेटी सोडून टाळ्या वाजवायला लागले. कार्यक्रम संपल्यावर दोघं एकाच पातेल्यातला चहा प्याले.

कुणीतरी आमच्या बुवांचं वाक्य तेवढं कापून चाळीस सेकंदांचं टाकलं. उत्तर नाही, टाळ्या नाहीत. खाली मारामारी सुरू. कोण बुवा मोठा, कोण कुणाच्या जिवावर, कुणाचं घराणं काय. मुंबईत बसलेली माणसं एकमेकांच्या गावाचा उद्धार करतायत. पुढच्या कार्यक्रमाला पोरं मोबाइल वर धरून त्या वाक्याचीच वाट बघत होती. गौळण चालू असताना निम्मी मान खाली. बुवांनी ते वाक्य परत टाकलं नाही, तर “आज रंगलाच नाय” म्हणून गेली.

आता मला सांगा, बुवा तीस वर्षं गातायत. ते आधी प्रसिद्ध होते की आता झाले?

माहेर वेंगुर्ले
आधी गाजले होते. आता गाजवले.

सड्यावरून
हे बरोबर पकडलंत. ‘गाजणे’ अकर्मक. नाटक गाजतं, सभा गाजते, कुणी गाजवायला लागत नाही. ‘व्हायरल’ मात्र आपण मराठीत दोन्हीकडे वापरतो. आपला नातू नाचला तर ‘व्हिडिओ व्हायरल झाला’, आणि आपलं भांडण बाहेर गेलं तर ‘कुणीतरी व्हायरल केला’. पोलिसांच्या बातमीत कायम ‘केला’. इंग्रजीत ‘गो व्हायरल’, तिथे करणारा गायबच. क्रियापद बदलून करणारा हुडकायची सोय मराठीने ठेवली आहे. त्यामुळे हा शब्द मराठीच झाला असं मी धरतो. मास्तरांनी रागावू नये.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
‘पसरला’ आणि ‘पसरवला’ यांत काय कमी होतं?

बंदरावरचा
पसरवायला माणूस लागतो मास्तर. ह्यात निम्मं काम मोबाइलच करतो. मी एकदा बांगड्याची पाककृती बघितली, तेव्हापासून मला मासे साफ करणाऱ्या जगातल्या सगळ्या बायका दिसतायत.

मिरीचा वेल
करणारा कोण, यावरून रानू मंडल आठवली. २०१९ साल. बंगालमध्ये राणाघाट स्टेशनवर गाणारी बाई. एका प्रवाशाने व्हिडिओ काढला, आणि बघता बघता मुंबईत हिमेश रेशमियाकडे तिचं ध्वनिमुद्रण. सगळा देश डोळे पुसत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या मेकअपच्या फोटोवर तोच देश खदाखदा हसत होता. सेल्फी मागणाऱ्या बाईला झटकलं म्हणून ‘गर्विष्ठ’ही ठरवून झालं. तिने स्वतः ना व्हिडिओ टाकला होता, ना फोटो. तिला कुठला शब्द लावाल? प्रभावक ती नक्कीच नव्हे. प्रभाव सगळा तिच्यावरच पडला.

माहेर वेंगुर्ले
‘नावारूपाला आली’ असं आपण म्हणतो. तिचं आधी रूप आलं, नाव मागून कळलं. आणि रूपावरच घसरले.

छापखानेवाला, कुडाळ
मंडळी, तुमचं वाचतोय, पण मशीन थांबलं होतं. ‘वाडीची लाडकी लेक’ टाकून फ्लेक्स छापला. सगळ्यांना चालला. फक्त मुलगी म्हणते खाली फॉलोअरचा आकडा घाला. अध्यक्ष म्हणाले, हरकत नाही, दहावीच्या मुलांच्या नावापुढे टक्के घालतोच. निवृत्त पोस्टमनच्या नावापुढे काय घालायचं, ते कुणाला सुचेना. शेवटी ‘अविरत सेवा’ घातलं. आकड्याच्या आधी ‘फॉलोअर’ला ‘अनुयायी’ घालू का? लवकर सांगा, तेवढी पट्टी वेगळी चिकटवता येईल.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
अनुयायी कदापि नको. अनुयायी विचारांचे असतात.

बंदरावरचा
‘गिऱ्हाईक’ घाला. खरं तेच आहे.

सड्यावरून
गिऱ्हाईकावरून आठवलं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन काही दाखवलं तर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायचं. आपल्या फ्लेक्सवर हे कधीपासून आहे! खाली कोपऱ्यात ‘सौजन्य’ आणि दुकानाचं नाव. पेड पार्टनरशिपला इतका सभ्य शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. सज्जनपणा म्हणायचं आणि पैसे घ्यायचे.

झांजवाला
आमच्या कार्यक्रमाला ‘सौजन्य’वाला पहिल्या रांगेत बसतो आणि गजराला त्याचं नाव गुंफावं लागतं. तो नियम कुणी केला नाही.

कोशातला किडा
जाता जाता, ‘नामचीन’ कुणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटलं. हिंदीत नामचीन म्हणजे नुसता प्रसिद्ध, डॉक्टरही नामचीन असतो. मराठीत आला आणि पेपरवाल्यांनी त्याला थेट गुंडाच्या मागे उभा केला. मराठीत नामचीन डॉक्टर म्हटलं तर डॉक्टर अब्रुनुकसानीचा दावा लावेल. अशी बदनामी ‘इन्फ्लुएन्सर’चीही चालू आहे असं दिसतं. पोरं चिडवायला वापरतात, “मोठी इन्फ्लुएन्सर झालीस काय?”

मिरीचा वेल
आणि खाली शिव्या देणाऱ्यांना? लोकसत्तेत ट्रोलांना ‘जल्पक’ म्हणतात. मला आवडतो.

सड्यावरून
शब्द चांगला, नेम चुकलेला. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार. वाद सत्यासाठी. जल्पात वाटेल ते करून जिंकायचं, पण स्वतःची बाजू तरी असते. वितंडेत स्वतःची बाजूच नसते, दुसऱ्याची पाडायची एवढंच. ट्रोल हा वितंडक.

कोशातला किडा
पगारी ट्रोलला बाजू असते. तो जल्पकच.

बंदरावरचा
एवढे संस्कृत शब्द कशाला? आमच्याकडे ह्या सगळ्याला एकच शब्द, गजाली. कोण कुणाबरोबर फिरतो, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या व्हिडिओत मागे कुणाची गाडी दिसली. पूर्वी तिठ्यावर चालायच्या, आता मोबाइलवर. ‘गजालीन घो खाल्लो’, गप्पांनी नवरा खाल्ला, ही म्हण काय उगाच नाही पडली. रील बघता बघता चुलीवरची आमटी करपते तेव्हा माझी आई आजही तेच म्हणते.

माहेर वेंगुर्ले
गजाली म्हणजे गॉसिप नव्हे हां. गजालीत माणूस समोर असतो, निदान त्याची आत्या तरी असते. म्हणून बेताने बोलतात. गॉसिपला चुगल्या म्हणा.

पेडण्याहून
मध्येच बोलतो, माफी असावी. आम्हां गोंयकारांना गजाल म्हणजे नुसती बाब, गोष्ट. ‘ती गजाल वेगळी’ म्हणजे ती बाब वेगळी. त्यात कुटाळकी अजिबात नाही. तेरेखोल नदी ओलांडली की शब्द बिघडतो तो तुमच्या बाजूला.

बंदरावरचा
बिघडत नाय, पिकता.

कोशातला किडा
गजालचा ‘गझल’शी संबंध जोडणारे एक गृहस्थ मला भेटले होते. अरबी व्यापारी, बंदरं, वगैरे. माझा विश्वास नाही, पण बंदरावरच्यांचं मत काय?

बंदरावरचा
अरबांनी आमका घोडे इकले, गजाली आमच्योच.

पेडण्याहून
तुमच्यो की आमच्यो, तें आदीं थारावया.