जागा पुरेशी असूनही बटेरांची टोचाटोची थांबत नाही, चोच कापावी का?

परसदार_मिरज
जपानी लावे (बटेर) एकूण २४, वय ८ आठवडे. नर ९, माद्या १५. त्यातले ६ दुसऱ्या लॉटचे, मागाहून सोडलेले. पिंजरा ४ बाय २ फूट, उंची १४ इंच. खाद्याचं भांडं एकच, कोपऱ्यात. ६० वॅटचा बल्ब रात्रभर चालू असतो. खाद्य ब्रॉयलर फिनिशर (मांसाच्या कोंबड्यांचं शेवटच्या टप्प्यातलं). अंडी सुरू झाली तशी मारामारी वाढली. काही माद्यांची मान उघडी पडली आहे, दोघांच्या टाळूवर जखमा आहेत, एका नराचा डोळा सुजलाय. अंडी मुख्यतः घरी खायला, थोडी उबवायला हवीत. चोच कापून प्रश्न सुटेल का?

लावापालक
चोचीला हात लावू नका, आधी नर मोजा. जागेचा दोष इथे नाही. तुमच्याकडे एका पक्ष्याला सुमारे ३१० चौरस सेंमी जागा येते. व्यापारी पालनात मोठ्या पक्ष्याला १५० ते २०० चौरस सेंमीवर भागवतात. पण एका नरामागे दोन माद्याही येत नाहीत, म्हणजेच नर फार झाले. सहा-सात आठवड्यांत नर वयात येतो आणि मग दिसेल त्या मादीची मान धरतो, मध्ये येईल त्या नराला टोचतो.

१५ माद्यांना ४ नर ठेवा. त्याहून कमी केले तर शांतता वाढते पण फलित अंड्यांचं प्रमाण घसरतं. फक्त खायची अंडी हवी असती तर एकही नर नको, मादी नराशिवाय अंडी देतेच. उबवण्यापुरता दुसरा मार्गही आहे: नर वेगळे ठेवायचे आणि अंडी गोळा करायच्या आठवड्यातच माद्यांत सोडायचे. नर काढल्यावरही चार-पाच दिवस फलित अंडी मिळत राहतात.

काढलेले ५ नर एकत्र ठेवणार असाल तर माद्या त्यांच्या नजरेला पडता कामा नयेत, आणि उजेड ८ तासांवर आणा. दिवस लहान झाला की काही आठवड्यांत त्यांचा जोर उतरतो. हे जमणार नसेल तर ते खाण्यासाठी वापरा. पाच-सहा आठवड्यांचा बटेर त्यासाठी तयार असतोच, तुमचे तर त्याहून मोठे आहेत.

चोचबंद
नरांचं म्हणणं पटतं, पण सगळ्या जखमा टोचण्याच्या नसाव्यात. जखम कुठे आहे ते बघा, कारण तिथेच सापडतं.

मानेमागची पिसं गेली, कातडी लाल: समागमात नराने धरल्याची खूण.
डोळा, चोचीचा बुडखा, कपाळ: नरांची झुंज.
शेपटीचं मूळ आणि पाठ, पिसं मध्येच तुटलेली: पिसं खाण्याची सवय, म्हणजे बहुतेक खाद्यात खोट.
गुदद्वाराजवळ रक्त: मोठं अंडं अडकलंय किंवा भाग बाहेर आलाय, आणि बाकीचे तो लाल भाग टोचतात.
टाळूच्या मधोमध सोललेलं: हे छताचं काम. लावा दचकला की सरळ वर उडतो. १४ इंच ही सर्वांत वाईट उंची, वेग घ्यायला पुरेशी आणि थांबायला अपुरी. छत ९-१० इंचांवर आणा, नाहीतर छताच्या दोन इंच खाली शेडनेट थोडं सैल ताणून बांधा. उंच शेड असेल तर सहा फुटांच्या वर.

दाणापाणी
खाद्याकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. अंड्यावरच्या लाव्याला सुमारे २० टक्के प्रथिनं आणि २.५ ते ३ टक्के कॅल्शियम लागतं. फिनिशरमध्ये कॅल्शियम याच्या निम्म्यापेक्षाही कमी असतं. बटेरचं लेअर (अंड्यावरच्या पक्ष्यांचं) खाद्य मिळालं तर ५-६ दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. नाही मिळालं तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका, म्हणजे नर उगाच खात नाहीत. मीठ आपल्या मनाने घालू नका.

भांडी दोन करा आणि दोन टोकांना ठेवा. एकच कोपरा असला की एक दांडगा नर तो अडवून बसतो आणि दबलेले पक्षी उपाशी राहतात. पक्ष्यामागे अडीच-तीन सेंमी काठ हवा, तुम्हाला मिळून ६०-७० सेंमी. पाण्याच्या जागाही दोन.

बल्ब रात्रभर चालू ठेवणं हे भांडणाला आमंत्रण आहे. टायमर लावा, दिवस धरून १५-१६ तास उजेड, बाकी अंधार. ६० वॅट काढून ५ वॅटचा पिवळसर एलईडी घ्या. रोज मेथीची जुडी उलटी टांगा, चोच पोहोचेल इतक्या उंचीवर. टोचायला काहीतरी लागतंच. एका कोपऱ्यात कोरडी वाळू आणि राख घातलेलं पसरट भांडं, मध्ये फांद्या किंवा विटा, म्हणजे पळणाऱ्याला नजरेआड होता येतं.

लावापालक
चोचीबद्दल: चोचीत रक्त आणि संवेदना असतात. जास्त कापलं तर पक्ष्याला दाणा धरता येत नाही आणि वजन उतरतं. २४ पक्ष्यांत त्याची गरजच नाही. फार तर दांडग्या नराच्या चोचीचं अणकुचीदार टोक नेल फाइलने बोथट करा.

जखमी पक्षी आजच वेगळे काढा. कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा पिसं बाजूला सारून बघा, माशी बसली तर अळ्या होतात. डोळा उघडत नसेल तर पशुवैद्याला दाखवा. पिसांनी जखम झाकेपर्यंत परत सोडू नका.

परसदार_मिरज
आणखी दोन शंका. माझ्यातले चार पांढरे आहेत, त्यांचे नर-मादी अंदाजाने धरले होते. आणि जखमी पक्षी परत कसे सोडायचे?

चोचबंद
तपकिरी पक्ष्यात तीन आठवड्यांपासून छातीवरून कळतं: नराची विटकरी, मादीची ठिपक्यांची. पांढऱ्यात गुदद्वार बघा. वयात आलेल्या नराला त्याच्या वरच्या बाजूला लालसर फुगीर गाठ असते, हलके दाबल्यावर पांढरा फेस येतो. चौघांचं नक्की करून मगच कुठले नर काढायचे ते ठरवा.

सोडताना मध्ये जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा, एकटा पक्षी सोडू नका, दोघं-तिघं मिळून. सोडायच्या संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढा, भांडी आणि विटांच्या जागा बदला, आणि अंधार पडल्यावर सगळ्यांना एकदम आत ठेवा. मारकुटा नर मात्र चार-पाच दिवस उशिरा, सगळ्यांत शेवटी. पहिल्या सकाळी अर्धा तास जवळ थांबा; टोचून सोडून दिलं तर चालेल, पाठलाग करून कोपऱ्यात गाठलं तर त्याला लगेच उचला.