मदत हवी आहे: दगडी पायऱ्यांची उभी वाट उतरताना आईचे गुडघे कसे सांभाळू?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन जुन्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने डोंगर चढायचा आहे. अंतर थोडं, पण चढ अगदी अंगावर येणारा. आई 61 वर्षांची, दम चांगला आहे, फक्त उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. त्यामुळे चढण्यापेक्षा मला उतरण्याची काळजी आहे.

मी एकटी जाऊन वाट बघून आले. इतक्या वर्षांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध वाटीसारख्या झिजून गुळगुळीत झाल्यात. कडेचा दगड मात्र अजून खरबरीत आहे, पाय तिथेच नीट बसतो. एक पायरी वीतभर, तर पुढची थेट गुडघ्याएवढी. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, म्हणून चढताना गप्प असलेले गुडघे उतरताना कुरकुरतात. मांड्या खऱ्या भरून येतात त्या दुसऱ्या दिवशी. माझंही तेच झालं.

दोन काठ्या घ्याव्यात की एकच, म्हणजे दुसरा हात कातळाला धरायला मोकळा राहील? उंच पायरीवर आडवं वळून उतरावं की कातळाकडे तोंड करून? सरावासाठी जिना सावकाश उतरणं सुरू करणार आहोत, पण आठवड्यातून किती दिवस?

दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला अशा वाटेने कुणी नेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. अर्ध्यावरून परतावं लागलं तरी चालेल, आईला इजा नको.