मदत हवी आहे: ऑडीच्या पुढच्या चाकांतून खट्-खट् आवाज, आठही आर्म बदलायचे का?

भाट्येकर
नमस्कार मंडळी. ऑडीच्या पुढच्या बाजूने खट्-खट् आवाज येतोय. खड्ड्यात येतोच, पण लहान स्पीडब्रेकरवर जास्त. सर्व्हिस सेंटरने आठही आर्म (चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) बदला म्हणून एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन दिलंय, मजुरी वेगळी. इथला मेकॅनिक म्हणतो, नुसते बुश (आर्मच्या टोकातले रबरी तुकडे) दाबून बसवू, पंधरा हजारांत काम होईल. कोणाचं ऐकू? ऑनलाइन आठ आर्मचा अख्खा संच तीस हजारांत दिसतोय, तो चालेल का? पुढच्या आठवड्यात आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचंय, त्यामुळे लवकर सांगा. गाडी विका असा सल्ला कृपया नको.

चाकोरीबाहेर
कोणती ऑडी? ए४ की ए६? साल कोणतं? किती चालली आहे? आवाज डावीकडून की उजवीकडून? एवढं कळल्याशिवाय कोणीही काय सांगणार?

मी_सातारकर
आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. माझ्या होंडा सिटीचं स्टेअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरायचं, बॅलन्सिंग केल्यावर एकदम शांत झालं. लोक उगाच मोठे खर्च करतात.

भाट्येकर
ए६, डिझेल. टायर नवे आहेत, बॅलन्सिंग झालेलं आहे. स्टेअरिंग थरथरत नाही. आवाज येतो.

चाकोरीबाहेर
ए६ चे बरेच अवतार आहेत हो. साल सांगा.

भाट्येकर
२००९. २.७ टीडीआय, ऑटोमॅटिक. दीड लाखाच्या वर चालली आहे. वडिलांनी घेतलेली गाडी आहे.

गॅरेजवाली
म्हणजे ४एफ बॉडीची, सी६ म्हणतात ती. या गाड्यांवर आमच्या गॅरेजमध्ये नेहमी काम होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

हिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला चार आर्म असतात, दोन वर आणि दोन खाली. सगळे ॲल्युमिनियमचे. एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळ्या बाजूंना वळणारा गोल सांधा. हा बॉल जॉइंट आर्ममध्येच घडवलेला असतो, वेगळा बदलता येत नाही. त्यामुळे तुमचा मेकॅनिक बुश दाबून देईलही, पण खेळ (ढिलेपणा) बॉल जॉइंटमध्ये असेल तर पंधरा हजार खर्चूनही आवाज जागच्या जागी राहील.

आठही आर्म बदलायचे का, हे कोटेशनवरून ठरत नाही, गाडी वर उचलून ठरतं. चाक हवेत घ्या आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). मग टॉमी (लोखंडी पहार) लावून एकेक आर्म बुशपाशी हलवून बघा, दुसऱ्या माणसाने जॉइंटला बोट लावून ठेवायचं. खेळ बोटाला कळतो. खालचा मागे वळलेला आर्म नीट बघा, त्याच्या बुशमध्ये तेल भरलेलं असतं. बुशखाली काळं ओघळलेलं दिसलं तर तो गेला. तो गेला की जोरात ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरतं. वरच्या दोन आर्मचे जॉइंट सुकले तर स्टेअरिंग वळवताना कुरकुर ऐकू येते.

लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बदललेत का? लहान स्पीडब्रेकरवरची खट्-खट् बऱ्याचदा तिथूनच येते, आणि तो यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

पॉली_प्रेमी
रबर सोडा, पॉलीयुरेथेनचे बुश टाका. एकदा टाकले की आयुष्यभर बघायला नको. मी माझ्या जुन्या ऑक्टाव्हियाला टाकले, गाडी रस्त्याला चिकटून चालते.

इंगोलश्टाटवासी
पॉली_प्रेमी, ऑक्टाव्हियाचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं, चाकाला एकच खालचा आर्म. तिथे जे जमलं ते इथे जमेलच असं नाही. ए६ मध्ये त्या तेल भरलेल्या बुशचं कामच मुळी थरथर शोषून घेणं हे आहे. त्या जागी कडक पॉली बसवलं की रस्त्याची प्रत्येक भेग केबिनमध्ये ऐकू येईल. आईंना घेऊन जायचंय ना?

मी जर्मनीत राहतो. इथे दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते. तपासणीच्या खंदकावर गाडी उभी करून चाकांखालच्या प्लेटी डावी-उजवीकडे सरकवतात आणि खालून जॉइंट बघतात. खेळ दिसला तर गाडी नापास. अशी प्लेटीची सोय आपल्याकडच्या मोठ्या अलाइनमेंटवाल्यांकडे कुठे असेल तर तिथे दाखवा.

पॉली_प्रेमी
जर्मनीचे रस्ते वेगळे, आपले वेगळे. आपल्या खड्ड्यांत रबर टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

गॅरेजवाली
रबर टिकत नाही त्याचं एक मोठं कारण खड्डे नाहीत, बसवण्याची पद्धत आहे. हे बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असतात. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबराला पीळ बसतो आणि सुटतो. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट घट्ट आवळला की बुश त्या लोंबत्या स्थितीत पक्का होतो. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग लोक पार्टला शिव्या घालतात. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी आपल्या वजनावर उभी असेल त्या उंचीला.

वरच्या आर्मचे बोल्ट बसवल्यावर हाताला लागत नाहीत. ते ज्या ब्रॅकेटवर असतात तो शॉकअपसकट बाहेर काढावा लागतो. म्हणून जुना आर्म सोडण्याआधी ब्रॅकेटच्या कडेपासून आर्मचं अंतर मोजून लिहून ठेवायचं आणि नवा आर्म त्याच कोनात आवळायचा. मेकॅनिकला हे विचारा. माहीत नसेल तर गाडी देऊ नका.

अण्णा_देशपांडे_नव्हे
२००९ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटली. पासिंग केलंत का? १ एप्रिल २०२२ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर. हे सगळं जमेस धरून खर्च करायचा का ते ठरवा.

भाट्येकर
पासिंग झालेलं आहे, पाच वर्षांचं. लिंक रॉड मागच्या वर्षी बदलले. स्टेअरिंग वळवताना कुरकुर येते, हो. तीस हजारांच्या संचाबद्दल कोणी सांगितलं नाही.

चाकोरीबाहेर
कुरकुर येते हे आत्ता सांगताय! म्हणजे वरचे आर्मही गेलेत.

तीस हजारांत आठ आर्म, लिंक रॉड आणि टाय रॉड एंड असा संच येतो तो घेऊ नका. दिसायला हुबेहूब असतो, पण जॉइंटच्या रबरी टोप्या लवकर चिरतात, आत पाणी-धूळ गेली की संपलं. लेमफॉर्डर घ्या. ती झेडएफ या जर्मन सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाची कंपनी आहे आणि कारखान्यातून गाडीवर आलेले आर्म बहुधा तिचेच असतात. नाहीतर टीआरडब्ल्यू किंवा मायले. खोक्यावरचं नाव बघून फसू नका, नकली खोकी खूप फिरतात. बिल देणाऱ्या दुकानातून, चॅसिस नंबर सांगूनच घ्या.

मराठवाड्याचा
या ए६ ची जोडणी २००७ पासून आमच्याकडे शेंद्र्याला सुरू झाली होती. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्हाला फार कौतुक वाटायचं. इथे सुटे भाग स्वस्त मिळतील का, असं बरेच जण विचारतात. तर नाही. जोडणी इथे झाली म्हणून आर्म इथे बनत नव्हते.

मी_सातारकर
गिअरबॉक्सचं तेल बदललंय का? २.७ ला मल्टिट्रॉनिक हा ऑडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याचं तेल साठ हजार किलोमीटरवर बदलायला लागतं. ते राहिलं असेल तर आर्मपेक्षा मोठा खर्च येईल.

भाट्येकर
सातारकर, धन्यवाद, पण मी सस्पेन्शनबद्दल विचारतोय. आज रॅम्पवर बघितलं. डावीकडचा खालचा वळलेला आर्म, बुशमधून तेल गळलंय. त्याच बाजूच्या पुढच्या आर्मच्या बॉल जॉइंटची टोपी फाटली आहे आणि चाक वर-खाली हलतंय. उजवीकडे खालचे दोन्ही बरे आहेत. वरचे चारही कुरकुरतात. आता मेकॅनिक म्हणतो वरचा बोल्ट निघत नाही, हातोड्याने मारू का?

गॅरेजवाली
थांबवा त्याला. आत्ताच.

वरच्या दोन्ही आर्मचे जॉइंट नकलच्या (ज्यावर चाक बसतं त्या भागाच्या) खाचेत एकाच लांब बोल्टने आवळलेले असतात. नकल ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. पाणी आणि मीठ मिळालं की दोघं एकमेकांत रुजून बसतात. तुमच्या नावावरून गाडी रत्नागिरीची दिसते. समुद्राच्या हवेत हा बोल्ट जाम असणारच. जोरात ठोकलं किंवा खाच छिन्नीने फाकवली तर नकलचा कान, म्हणजे खाचेची कड, तुटतो. मग अख्खा नकल बदलावा लागतो, आणि तो खर्च आर्मच्या पुढे जातो.

नट काढा. गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही टोकांना आणि खाचेत मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. मग बोल्टच्या डोक्याला पाना लावून पुढे-मागे थोडा थोडा फिरवा. नुसता उलटा ओढू नका. बोल्ट फिरला की समजा निघाला. मग शेवटच्या आट्यावर जुना नट ठेवून एअर हॅमरने हळूहळू बाहेर ढकला. अजिबात फिरला नाही तर नकल उतरवून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. तो बोल्ट मधोमध ड्रिल करून काढेल.

पाना_नंबर_तेरा
गॅस कटरने लालबुंद करा, पाच मिनिटांत निघतो. एवढं काय.

इंगोलश्टाटवासी
ॲल्युमिनियम लालबुंद होत नाही, त्याआधीच वितळतं. आणि त्याच्या खूप आधी त्याची ताकद जाते. या नकलवर चाक उभं असतं. हीट गनने गरम करणं ठीक, पण ज्योत लावू नका.

पाना_नंबर_तेरा
आम्ही वीस वर्षं ट्रकला हेच करतो.

गॅरेजवाली
ट्रकचा नकल पोलादाचा असतो, दादा. तिथे तुमचं बरोबर आहे. इथे नाही.

भाट्येकर, त्या डाव्या बॉल जॉइंटवर घाट उतरू नका. आंबा घाट असो वा कुंभार्ली. चाक हाताने हलण्याइतका खेळ असलेला जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. आईंना भाड्याच्या गाडीने न्या, आणि इकडे काम घाई न करता होऊ द्या.

चाकोरीबाहेर
सहमत. आणि खालचे आर्म जोडीने बदला. डावा नवा, उजवा दीड लाख चाललेला, असं ठेवलं तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू शकते.

इंगोलश्टाटवासी
उजवीकडचे खरंच घट्ट असतील तर मी ठेवीन. टाकून देण्यासारखं काही नसताना बदलू नये. पण वळलेल्या आर्मची जोडी मात्र घ्या, कारण डाव्या बुशचं वय तेच उजव्याचं.

भाट्येकर
भाड्याच्या गाडीने जाऊन आलो. आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, आता तिला स्वच्छ दिसतंय.

खालचे चार आणि वरचे चार असे आठही लेमफॉर्डरचे घेतले, पुण्याच्या दुकानातून, बिलासकट. सेंटरच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी पडले. डावीकडचा वरचा बोल्ट स्प्रे मारून दोन रात्री ठेवल्यावर फिरला. उजवीकडचा अजिबात नाही. तो नकल उतरवून लेथवर नेला, ड्रिल करून निघाला, कान शाबूत आहे. नवीन बोल्ट बसवताना मेकॅनिक तांब्याचं ग्रीस लावू म्हणतोय. लावू का? आणि किती आवळायचा?

पाना_नंबर_तेरा
लावा की, कधी जाम होणार नाही.

इंगोलश्टाटवासी
तांबं नको. ॲल्युमिनियमला तांब्याचा शेजार लोखंडापेक्षा वाईट. सिरॅमिक पेस्ट मिळते ती पातळ लावा.

गॅरेजवाली
हो, सिरॅमिक. फक्त बोल्टच्या दांड्यावर लावा, जॉइंटच्या खिळीला नाही, ती कोरडीच बसली पाहिजे. दोन्ही जॉइंट पूर्ण खालपर्यंत बसले का ते बघा आणि मगच नवीन नट टॉर्क रेंचने ४० न्यूटन-मीटरला आवळा. एवढंच. जोर काढून आवळलं तर जो कान लेथवाल्याने वाचवला तो इथे जाईल.

भाट्येकर
काम झालं. खट्-खट् गेली, कुरकुर गेली. बुश गाडी जमिनीवर घेऊन आवळले, मी समोर उभा होतो. अलाइनमेंट उद्या करतोय. पण डॅशबोर्डवर हेडलाइटचा पिवळा दिवा लागलाय, आधी नव्हता. झेनॉन दिवे आहेत.

चाकोरीबाहेर
झेनॉन आहेत हे पण आत्ताच कळलं!

गॅरेजवाली
खालच्या एका आर्मला बारीक दांडी जोडलेली असते, गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची; झेनॉन हेडलाइटची पातळी त्यावरून ठरते. आर्म बदलताना ती बहुतेक लावायची राहिली किंवा तुटली. आधी ती बघा. तुटली असेल तर नुसती दांडी मिळते का विचारा, सेन्सर लगेच बदलू नका. जोडल्यावर स्कॅनरने हेडलाइटची पातळी शून्यावर सेट करून घ्यायची. अलाइनमेंट त्याआधी करा, आणि स्टेअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते का ते तिथून निघण्याआधी बघा. थोडी चालवून झाली की सगळे बोल्ट एकदा रेंचने तपासा.

अण्णा_देशपांडे_नव्हे
पर्यावरण कर भरलाय ना पण?